चारही बाजूंनी पाणी



सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या हिंजवडीच्या सोसायटीत एकच विषय असतो, मुलांना कुठे न्यायचं? कोणी रिसॉर्ट सुचवतं, कोणी वॉटर पार्क, कोणी मॉल. आपल्या घरांत सहली दोनच प्रकारच्या असतात, एक तीर्थयात्रा आणि दुसरं पर्यटन. तीर्थयात्रेत मुलं दुसऱ्या दिवशी कंटाळतात आणि पर्यटनात आपले नियम घरी राहतात. मला अशी एखादी सहल हवी होती की जिथे मुलं शिकतील, खेळतील आणि पाठशाळेत घोकलेलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर येईल. ती मला मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्गाच्या बेटावर मिळाली. म्हणून आज त्याबद्दल लिहिते आहे.

निमित्त झालं ते नातवाच्या एका प्रश्नाचं. तो अकरा वर्षांचा आहे, नात आठची. पाठशाळेत श्रावकाची बारा व्रतं त्याने एका दमात म्हणून दाखवली. मी विचारलं, दिग्व्रत म्हणजे काय रे? त्याने व्याख्या सांगितली, दहा दिशांना जाण्या-येण्याची मर्यादा घालून घेणं. मग लगेच म्हणाला, "पण आजी, बाबा वर्षातून दोनदा अमेरिकेला जातात. मर्यादा कशाला घालायची?" मी त्याला सांगू शकले असते की ग्रंथात लिहिलं आहे म्हणून. पण बारा मजल्यांच्या इमारतीत वाढणाऱ्या, बटण दाबलं की दारात सामान येणाऱ्या मुलाला मर्यादा हा शब्दच कळायला अवघड. त्याला कडा असलेली एखादी जागा दाखवावी असं मला वाटलं.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दिग्व्रताची हद्द कशी ठरवायची हे सांगताना समुद्र, नदी, अरण्य, पर्वत अशा सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणा दिल्या आहेत. त्यात समुद्र पहिला. मला हे फार व्यवहारी वाटतं. हद्द अशी हवी की ती कोणालाही दिसेल आणि आपल्या सोयीने सरकवता येणार नाही. बेटाला तर ती चारही बाजूंनी असते.

हिंजवडीहून मालवण म्हणजे दिवसभराचा प्रवास. आम्ही पहाटे निघून वाटेत कुंभोजच्या बाहुबलीला दर्शन घेतलं. तिथली २८ फुटांची मूर्ती मुलांनी मान वर करकरून पाहिली. जेवण करून राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो. सोबत दशम्या, खाकरे, भाजलेले पोहे, मुगाचे लाडू आणि पाणी गाळायची दोन स्वच्छ फडकी घेतली होती. फडकी का, ते पुढे सांगते.

सिंधुदुर्ग हा कुरटे बेटावरचा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि ते सुमारे तीन वर्षं चाललं. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत हाही आहे आणि आपल्या मावळातला लोहगडही आहे. मालवणच्या जेटीवरून होडीने थोड्याच वेळात किल्ल्याशी पोचतो. दरवाजा तटाच्या वळणात असा लपवलेला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मुलांना तो शोधायला सांगा, होडीतला वेळ त्यातच जातो. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात. मुलांना नीट दाखवायचं असेल तर निघण्याआधीच बोलून जास्त वेळ मागून घ्यावा. आम्ही तसं केलं.

आत गेल्यावर नातवाने तटावरून सगळीकडे फिरून पाहिलं. समोर समुद्र, मागे समुद्र, डावीकडे-उजवीकडे समुद्र. मी म्हटलं, आता सांग, इथे राहणाऱ्या माणसाला मीठ, तांदूळ, लाकूड, औषध काय काय लागेल आणि ते कुठून येईल? किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की पर्यटकांच्या होड्या बंद होतात. म्हणजे आपला चातुर्मास सुरू व्हायच्या सुमारास या बेटाचाही एक चातुर्मास सुरू होतो. आत असेल त्यात भागवायचं. नातवाने बोटं मोजत यादी केली आणि यादी करता करता तोच म्हणाला, "पाणी!"

किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडं पाणी हे पाहून नात चकितच झाली. तिला हे देवाने केलं असं वाटलं. मी तिला समजेल असं सांगितलं. लहान बेटांवर पाऊस पडतो, ते पाणी जमिनीत, खडकांच्या फटींत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून जमिनीखाली खारं पाणी आलेलं असलं तरी गोडं त्याच्या वर तरंगून राहतं. पावसाने जेवढं भरलं तेवढंच बेताने उपसलं तर ते टिकतं. हावरेपणाने उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि मग विहीर गोडी राहत नाही.

मी कॉमर्सची पदवीधर. माझ्या भाषेत सांगायचं तर बेटाची विहीर म्हणजे मुदत ठेव आहे. व्याजावर जगा, मुद्दल मोडू नका. नातू म्हणाला, "मग आपल्या सोसायटीत टँकर येतात ते काय आहे?" मी म्हटलं, ते उधारीवर जगणं आहे. मार्च उजाडला की आमच्याकडे दारात टँकरच्या रांगा लागतात हे त्याने जन्मापासून पाहिलं आहे, पण कोणाच्या तरी विहिरीतून किंवा बोअरमधून ते पाणी येतं हे तोवर त्याच्या मनात आलं नव्हतं. हिंजवडीलाही कडा आहे, ती फक्त टँकरच्या मागे लपलेली असते.

किल्ल्यातल्या एका बाईंनी आम्हाला बादलीभर पाणी शेंदून दिलं. मी दुहेरी फडक्यातून ते गाळलं, मुलांना फडकं धरायला लावलं आणि मग गाळलेलं थोडं पाणी ओतून ती जिवाणी बादलीत घेतली. बादली हळूच पाण्यापर्यंत सोडली आणि त्याच विहिरीत परत दिली. त्या बाई कौतुकाने पाहत होत्या. म्हणाल्या, "काढलं तसं परतही देता?" आपल्या आज्या-पणज्या हे रोज करायच्या. घरात नळ आणि शुद्धीकरणाचं यंत्र आल्यावर मुलांना दाखवायला विहीरच उरली नाही. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात परत, हे सांगून कळत नाही, दोर हातात धरल्यावर कळतं.

मग आम्ही तटाच्या सावलीत बसून छोटं देशव्रत घेतलं. दिग्व्रत जन्मभराचं, तेच ठरावीक वेळेपुरतं आणखी आवळून घेतलं की देशव्रत. संध्याकाळपर्यंत काय मर्यादा घालायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. नातवाने मोबाइल न मागण्याचं ठरवलं. नातीने दोन बाटल्यांपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही असं ठरवलं आणि पाय धुवायला तिने भावाची बाटली मागितली! व्यवहार तिला चांगला जमेल असं तिचे आजोबा म्हणाले.

आता तिथीची एक गंमत. आपण अष्टमी-चतुर्दशीला जपतो, पण त्याच तिथीवरून समुद्राची वेळ निघते हे कोकणातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. आम्ही गेलो तेव्हा वद्य चतुर्थी होती, ४ ची पाऊणपट ३. म्हणजे पहाटे तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. नातवाने गणित केलं आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांवर जाऊन पडताळून पाहिलं. पाणी खरंच उतरलं होतं! त्या दिवसापासून दिनदर्शिकेतल्या तिथीकडे तो वेगळ्या नजरेने पाहतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं, म्हणून मुलांना खडकांतले जीव दाखवायचे तर ते दिवस बरे. मुलांचा हात सोडू नका, खडक शेवाळाने निसरडे असतात.

ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. तिथे पाठशाळेचा तक्ता जिवंत होतो. एकेंद्रिय, द्वींद्रिय, त्रींद्रिय असं मुलं पाठ म्हणतात, पण शंखातला किडा द्वींद्रिय, त्याला स्पर्श आणि चव एवढंच, हे खडकाला चिकटलेला जिवंत शंख पाहिल्यावर पटतं. त्याच खळग्यातली बोटभर मासळी पंचेंद्रिय, सावली पडताच पळते. नात पालथी झोपून पाहत होती. एक शंख चालायला लागला. त्यात शंखाचा मूळ जीव नव्हताच, एक छोटा खेकडा राहायला आला होता. या खेकड्याचं मागचं अंग मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात घर करतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. नातीने खिशात घातलेले दोन शंख आपणहून काढून वाळूवर ठेवले. "कोणाचं तरी घर असेल," म्हणाली. मी काही बोलले नव्हते.

प्रवाळावरून मात्र वाद झाला. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. नातू म्हणाला, शाळेच्या पुस्तकात प्रवाळ प्राणी आहे, हजारो छोटे जीव मिळून ते बनतं. आपल्या ग्रंथांत प्रवाळ पृथ्वीकायिकांच्या यादीत येतं, हिंगूळ, हरताळ यांच्या शेजारी. मग खरं काय? त्याच्या आजोबांनी विषय टाळायला पाहिला. मी म्हटलं, दोन्हीकडून एक गोष्ट निघते ना, की ते निर्जीव नाही? ज्याला सगळे दगड म्हणत होते त्याला आपल्या आचार्यांनी जीव म्हटलं. विज्ञान म्हणतं त्यात प्राणी आहेत. दोघांचं ऐकलं तरी आपण काय करायचं? "हात नाही लावायचा," तो म्हणाला. कायदाही तेच सांगतो, प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तोडणं-नेणं गुन्हा आहे. मुलाच्या प्रश्नाला घाबरून पुस्तक मिटण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं. मोत्याचाही विषय निघाला. कालव द्वींद्रिय, मोती त्याच्या पोटातला. आपल्यातल्या कितीतरी जणींनी रेशीम सोडलं आहे. मोती सोडलेल्या मला फार माहीत नाहीत. तुमच्या घरी यावर काय बोलणं होतं ते ऐकायला आवडेल.

आता जे लिहायचं आहे ते थोडं अवघड आहे. त्याच सकाळी, खडकांवर जायच्या आधी, आम्ही सातच्या सुमारास किनाऱ्यावर चालत होतो. पुढे माणसं दोर ओढताना दिसली. ती रापण होती. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसं मिळून ओढतात. मिळेल त्याचे वाटे करतात. आम्हाला वळायला वेळ मिळाला नाही, जाळं वाळूवर आलं. आतली तडफड मुलांनी पाहिली. नात रडायलाच लागली. नातू मोठ्याने म्हणाला, "आजी, ही माणसं वाईट आहेत ना?"

टोपली घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण पाहिलं.

मी नातवाला बाजूला घेतलं. ही हिंसा नाही असं मी म्हटलं नाही, ते खोटं झालं असतं. मी विचारलं, काल होडीतून उतरताना तुला उचलून कोणी घेतलं? त्याच होडीवाल्या दादांनी त्याला सांगितलं होतं की ते मच्छीमार घरातले आहेत, आणि दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचे दिवस असतात म्हणून. नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनाही मर्यादा आहे?" आहे, मी म्हटलं. ती कायद्याची आहे आणि आपली व्रताची, दोन्ही एक नाहीत. पण आपलं व्रत आपण स्वतःला मोजायला घेतलेलं असतं, दुसऱ्याला मोजायला नाही. तू मासे खात नाहीस ते चांगलंच आहे. त्याने तू त्यांच्यापेक्षा मोठा झालास असं मनात आलं तर तो मान कषाय, आणि त्याचा बंध तुलाच.

नातीला घेऊन आम्ही नारळाखाली बसलो आणि नऊ वेळा णमोकार म्हटला. त्या माशांसाठीही म्हणूया, असं ती म्हणाली. दुपारपर्यंत ती नीट जेवली नाही. रात्री सूनबाई मला म्हणाली, "आई, इतक्या लहान वयात हे दिसायला नको होतं." तिचं म्हणणं मी खोडलं नाही. आई म्हणून तिला तसं वाटणारच. मला मात्र वाटतं, शाळेच्या डब्यांच्या रांगेत, पुढे होस्टेलमध्ये, परदेशात मुलांना हे दिसणारच आहे. तेव्हा शेजारी आजी नसेल. तिरस्कार न करता वेगळं राहता येतं, हे पहिल्यांदा घरातल्या कोणाचा तरी हात धरून शिकावं. आमच्या दोघींचं यावर अजून एकमत नाही आणि त्याने काही बिघडलेलंही नाही.

जेवणाची चिंता करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. आम्ही घरगुती निवासात उतरलो आणि आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं की कांदा, लसूण, बटाटा, आलं नको आणि सूर्यास्ताआधी जेवायचं. हिवाळ्यात तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेपाचला पानं मांडायची विनंती केली. घावणे, नारळाचं दूध, लाल भोपळ्याची भाजी, वरण-भात असं छान मिळालं. सोलकढीत बहुतेक ठिकाणी लसूण असते, ती आधी सांगून बिनलसणीची करून घ्यावी. त्यांच्या स्वयंपाकघरात मासळी होते का हे आधी विचारा. आम्ही निव्वळ शाकाहारी घर शोधून घेतलं, त्यासाठी पाच-सहा फोन करावे लागले.

मालवण लांब पडत असेल तर मुंबईजवळ घारापुरी आहे. गेटवेवरून लाँचने साधारण तासभर लागतो, लेणी सोमवारी बंद असतात. तिथल्या लेण्यांना १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. लेणी तर दाखवाच, पण तिथल्या वस्तीबद्दलही मुलांशी बोला. मुंबईचे दिवे समोर दिसत असूनही त्या बेटावर समुद्राखालून केबल टाकून नियमित वीज पोचायला २०१८ साल उजाडलं. तोवर लोक जनरेटरवर ठरावीक तास दिवे लावत. समोरासमोर असूनही किती फरक असू शकतो, हे मुलांना लगेच कळतं.

घरी आल्यावर मी मुलांची परीक्षा घेतली नाही. बारा व्रतं पुन्हा म्हणूनही घेतली नाहीत. परवा नातू सोसायटीच्या ऑफिसात गेला आणि तिथल्या काकांना विचारून आला की आपली बोअर किती फूट आहे, पहिल्यांदा पाणी किती फुटांवर लागलं होतं आणि दिवसाला किती टँकर येतात. आकडे त्याने वहीत लिहून ठेवले आहेत. रविवारच्या मीटिंगमध्ये तो ते वाचून दाखवणार म्हणतो. लहान मुलाला बोलू देतील की नाही माहीत नाही. मी पुढच्या रांगेत बसणार आहे.

जय जिनेंद्र.